आधी भाकर

स्वागताध्यक्षाने जेवणखाण पाहावे, विद्वत्ता संमेलनाध्यक्षांवर सोपवावी, असा आपल्याकडे संकेत आहे. पण दुबळ्या, घायाळ माणसांशी देव कसा वागतो हा विषय निघाला की बायबलच जेवणाच्या गोष्टी काढते. त्याला आमच्या स्वागत समितीचा इलाज नाही.

एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळाला आणि एका झुडुपाखाली बसून मरण मागू लागला. कर्मेल डोंगर गाजवलेला माणूस! एखाद्या उपदेशकाने चार शब्द सुनावले असते. देवदूताने उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवले. एलीया जेवला, पुन्हा आडवा झाला. दूत दुसऱ्यांदा आला तोही जेवायला उठवायलाच, कारण वाट लांबची होती. इथे कशाला आलास, हा प्रश्न देवाने विचारला तो होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी.

मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराची मेलेली मुलगी उठून चालू लागते, घरचे थक्क होतात आणि येशू सांगतो, हिला खायला द्या. त्याच वाटेवर बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली, वैद्यांपायी कंगाल झालेली बाई चोरून त्याच्या वस्त्राला शिवली होती. विटाळाच्या नियमाने तो गुन्हाच. भर गर्दीत तिला ‘मुली’ अशी हाक मिळाली.

आपण जमलो आहोत त्या भायखळ्याला अशी दया नवी नाही. 1976 साली हिंदुस्तान लिव्हरच्या जागेत मदर तेरेसांच्या भगिनींनी सांकली स्ट्रीटवर ‘आशा दान’ सुरू केले. टाकून दिलेली अपंग मुले, निराधार माणसे, एचआयव्हीबाधित यांना तिथे आसरा मिळतो.

टाकलेल्या माणसांवरची अशी माया पंडिता रमाबाईंना मात्र सहज पटली नव्हती. इंग्लंडमध्ये असताना फुलहॅमला त्यांनी ‘पतित’ म्हणून हिणवल्या गेलेल्या बायकांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी पाहिल्या आणि थेट विचारले, तुम्हाला यांचा एवढा कळवळा का? उत्तरादाखल येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. पुढे 1889 मध्ये मुंबईत रमाबाईंचे शारदा सदन निघाले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली केडगावला त्यांच्या आश्रमात आल्या. तिथे ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन झाले, आणि आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन.

दयेला एक खोडही असते. समोरचा कायम आडवाच राहावा, असे दयाळू माणसाला नकळत वाटू लागते. केडगावात तसे झाले नाही, म्हणून समितीला त्या गावाचे विशेष अप्रूप. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली. आश्रमात विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल याच छापखान्यात छापले गेले, आणि खिळे जुळवायला बसल्या होत्या आश्रमातल्याच बायका.