कायमचा पत्ता
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागरी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रम पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अनुभवाचे बोल’ असे छापले आहे. सदतीस वर्षे बँकेत काढली, तेव्हा अनुभव पुष्कळ. पण दूध आटायला ठेवले आहे आणि ते होईपर्यंत संपवीन, असा शब्द मी दिला आहे. बँकवाल्याने मुदत पाळली पाहिजे.

गेल्या जूनपासून तुमच्यापैकी बरेच जण मला जिन्यात गाठून हळूच विचारतात, “काका, धाकट्याची नोकरी गेली का हो?” आज सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. नोकरी शाबूत आहे. झाले असे, की माझा मुलगा पुण्याच्या कंपनीचे काम घरून करतो. त्याने आणि सूनबाईंनी भाड्याचा फ्लॅट सोडला, कपाट आणि सोफा आमच्या हॉलमध्ये आणून टाकला आणि पाच वर्षांच्या नातीला घेऊन दोघे निघाले. एक महिना डेहराडूनला, दोन महिने पालमपूरला, सध्या म्हैसूरला. जिथे इंटरनेट चांगले आणि भाडे परवडेल तिथे मुक्काम. वर्ष-दीड वर्ष असेच हिंडायचे, म्हणतात.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी संतापलो. “बिऱ्हाड पाठीवर टाकून हिंडायला आपण काय...” एवढे बोललो आणि थांबलो. पुढचा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला. तो शब्द एका जमातीचा होता. रात्री झोप लागेना. मग एकेक आठवत गेले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

माझे बालपण बदनापूरजवळच्या खेड्यात गेले. सुगी झाली, रानं मोकळी झाली, की धनगरांचा वाडा यायचा. वाडा म्हणजे दगड-मातीचा नव्हे, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या पाच-सात कुटुंबांचा मेळा. घोड्यावर सगळा संसार: पीठ, भांडी, घोंगड्या, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि त्या सगळ्यात मधोमध बसवलेले दीड-दोन वर्षांचे मूल. त्याच्या शेजारी आदल्या रात्री जन्मलेले कोकरू. गडी मेंढरांमागून चालायचे. बायका पुढे होऊन मुक्कामाची जागा गाठायच्या, तीन दगडांची चूल मांडायच्या.

माझे वडील त्यांना आमच्या रानात मेंढ्या बसवायला सांगत. दोन रात्री मेंढ्या बसल्या, की लेंडीखताने रान कसदार होते. त्या बदल्यात ज्वारी द्यायची. लेखी काही नसे, पण दरवर्षी तेच लोक त्याच वाटेने येत. वडील त्यांच्या पोरांची नावे घेऊन चौकशी करीत, आणि मागच्या साली घोड्यावर असलेले पोर यंदा काठी घेऊन मेंढरांमागे चालताना दिसे. आम्ही शाळेतून येताना उभे राहून बघायचो. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याला शाळा नाही, म्हणून. केवढा खुळा हेवा होता तो, हे कळायला बरीच वर्षे गेली.

१९७४ साली बँकेत लागलो. त्याआधी पाचच वर्षे, १९ जुलै १९६९ ला, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि खेडोपाडी शाखा निघत होत्या. शाखा निघाल्या तशा आमच्या बदल्याही. लग्न १९७७ चे. तिथून पुढे आमचेही बिऱ्हाड पाठीवरच. नऊ गावे झाली. आमच्या सौ.ने काही ट्रंका कधी पूर्ण उघडल्याच नाहीत. प्रत्येक बदलीला रेशनकार्डातून नावे कमी करा, गॅसचे कागद करा, मुलांचे शाळेचे दाखले काढा, नव्या गावात पुन्हा सगळे जोडा. मी नव्या शाखेत जाऊन खुर्चीवर बसायचो. दूधवाला कोण, दवाखाना कुठे, पाणी किती वाजता येते, हे शोधायचे काम तिचे. थोरली चौथीत होती तेव्हा तिला ‘माझे गाव’ असा निबंध आला. ती वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली, “बाबा, माझं गाव कोणतं लिहू?” मी बदनापूरकडचे आमचे गाव लिहायला सांगितले. ती म्हणाली, “पण मला तिथलं काहीच माहीत नाही.” वही तशीच कोरी गेली.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्या या फिरतीला बँकेचे पाठबळ होते. सामानाच्या ट्रकचे पैसे मिळत, रुजू व्हायला सवलतीचे दिवस मिळत, आणि नव्या गावात उतरलो की ‘बँकेचे साहेब आले’ म्हणून कोणीतरी घर दाखवायला पुढे येई.

आता जे सांगणार आहे, ते मी आजवर चारचौघांत सांगितलेले नाही.

१९८६ चा एप्रिल. मी तेव्हाच्या परतूर तालुक्यातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. एक तरुण जोडपे आले. मंठ्याकडच्या तांड्यावरचे. ऊसतोडीहून परतलेले. तुम्हाला माहीत आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर पोरंबाळं घेऊन निघायचे, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखाना नेईल तिथे खोपी करून राहायचे, आणि पट्टा पडला की उचल फेडून जे उरेल ते घेऊन घरी. त्यांचे उरले होते अडीच हजार. कमरेच्या पिशवीतून काढून बाईने टेबलावर ठेवले. काखेत मूल होते. “साहेब, हे ठेवून घ्या. घरी राहत नाहीत.”

तेव्हा पाच-दहा रुपयांत बचत खाते उघडत असे. फक्त जुन्या खातेदाराची ओळख लागायची, आणि पत्ता. मी फॉर्म पुढे ओढला. विचारले, कायमचा पत्ता काय? नवरा गप्प. बाई म्हणाली, “सहा म्हैने हितं, सहा म्हैने तिकडं. कोणता लिवता ते तुम्हीच सांगा.”

मी काय सांगितले असेल? “पत्त्याचा दाखला आणि ओळख देणारा माणूस घेऊन या.” ते गेले. परत आले नाहीत.

पोळ्याच्या सुमारास आमच्या शिपायाकडून कळले. पैसे त्यांनी ओळखीच्या एकाकडे ठेवायला दिले होते. त्याने थोडे दिले, बाकीचे बुडवले. मग मुकादमाकडून पुन्हा उचल घेतली, आणि पुन्हा सहा महिन्यांची बांधणी.

मित्रहो, नियमाची ढाल मी पुष्कळ वर्षे पुढे केली. खरे सांगायचे तर नियमात एवढे अडत नव्हते. तांड्याचे नाव लिहिता आले असते. सरपंच आमचे खातेदार होते, निरोप धाडला असता तर दुसऱ्या दिवशी सही करून गेले असते. अर्ध्या तासाचे काम. मार्चअखेरच्या कामाने मी थकलो होतो, आणि आज इथे तर उद्या तिथे असणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हे मनात खोल बसलेले होते.

ते बसण्यामागे जुना इतिहासही आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून फिरस्त्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो डाग कागदावरून पुसला गेला. माझा जन्म १९५१ चा, म्हणजे माझ्या हयातीतलीच गोष्ट. मनातून तो पुसायला किती वेळ लागतो, ते त्या टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाला, म्हणजे मला विचारा.

आणि गंमत बघा. त्याच मे महिन्यात माझी बदलीची ऑर्डर आली. फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ असा रकाना होता. मी वडिलांच्या घराचा पत्ता लिहिला. त्या घरात मी वर्षाकाठी दहा रात्रीही झोपत नव्हतो. इतकेच काय, १ मे १९८१ ला आपला जिल्हा झाला, तेव्हा घर जागेवर राहून पत्त्यातला औरंगाबाद जाऊन जालना आला! पण माझ्याकडे कोणी दाखला मागितला नाही.

पुढे बँका बदलल्या. २०१० नंतर कागदपत्रे नसलेल्या माणसाचेही, फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा एवढ्यावर, छोटे खाते उघडण्याची सोय झाली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन आले. मी २०११ लाच निवृत्त झालो होतो. बातमी वाचली तेव्हा ते जोडपे आठवले.

शाळेचे तसेच. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गाढवावर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या बापाने, जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेत पोराला बसवण्यासाठी काय काय सोसले, ते त्यात आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी आपल्या वाचनालयातून न्यावे. आता शिक्षण हक्काचा कायदा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावे लागते, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. माझी नात पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, तेव्हा मी निश्चिंत आहे तो या कायद्यामुळे. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांनाही हाच कायदा आहे. फरक एवढाच, की माझ्या नातीसाठी तो वाचून दाखवायला एक आजोबा आहे.

मुलाला मी गेल्या महिन्यात फोनवर विचारले, “अरे, तुझी पत्रं, बँकेचे कागद, पार्सलं कुठे येतात?” तो हसला. “बाबा, आधारवर पत्ता तुमचाच आहे. सगळं सोसायटीतच येतं. गेटवरचे दादा ठेवून घेतात.” म्हणजे तो मोकळा हिंडतो, कारण मागे त्याच्यासाठी एक दार उघडे आहे. आपल्या या इमारतीने पंचवीस वर्षे आपल्या सगळ्यांच्या पोरांना हेच दिले. कोणी पुण्याला गेले, कोणी दुबईला, कोणी अमेरिकेला. पासपोर्टची चौकशी याच गेटवर झाली. माझ्या थोरलीने तो निबंध लिहिला नाही, पण लग्नपत्रिकेवर पत्ता इथला छापला.

आता ‘गेटवरचे दादा’. दूध होत आले आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो.

आपले वॉचमन मंठ्याकडचे. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने नऊ हंगाम ऊस तोडला. मुलीची शाळा दर दिवाळीनंतर तुटते, म्हणून कोयता खाली ठेवला आणि इथे पंपाजवळच्या खोलीत राहायला आले. मुलगी आज सातवीत आहे, वर्ष मोडलेले नाही. मागच्या वर्षी त्यांनी आधारवरचा पत्ता बदलण्यासाठी सोसायटीकडे पत्र मागितले. कमिटीत चर्चा झाली, “उद्या खोलीवर हक्क सांगितला तर?” आणि विषय पुढे ढकलला. त्या मीटिंगला मी हजर होतो आणि गप्प बसलो. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच टेबल, आणि पुन्हा मी अलीकडच्या बाजूला.

बँकवाला म्हणून सांगतो. पत्त्याच्या कागदाने मालकी मिळत नाही. तसे असते तर भाडेकरूंनी आधार दाखवून जालना विकत घेतले असते. ‘नोकरीत असेपर्यंत राहण्याची परवानगी’ असा साधा करार करा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, वकील आपल्या बी विंगमध्येच आहेत. स्टॅम्प पेपरचा खर्च माझा.

दुसरे, मागच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाच लहान पोरे दिवसभर वाळूत असतात. स्लॅब पडला की पुढच्या साइटवर जातील. आपले वाचनालय पाच ते सात रिकामे असते. मी रोज तासभर बसायला तयार आहे. अजून दोघे-तिघे मिळाले तर बरे. ती मुले तीन महिने राहोत की तीन आठवडे.

माझ्या मुलाबद्दल म्हणाल, तर हिंडू दे त्याला. नात परवा फोनवर सांगत होती, तिने म्हैसूरच्या बाजारात कानडीत भाव विचारला. मी म्हटले, शाब्बास. मग तिने विचारले, “आजोबा, आपलं घर आहे ना तिथे?” मी म्हटले, “आहे गं बाई, आहे.” हे उत्तर देता येणे केवढी मोठी गोष्ट आहे, ते या वयात कळले.

येत्या मासिक सभेत वॉचमनच्या पत्राचा विषय मी मांडणार आहे. कृपया सर्वांनी उपस्थित राहावे.

चंद्र वर आला आहे, दूध घ्या. जय हिंद, जय महाराष्ट्र.