कंबर दुखते म्हणजे नेमकं कुठं?

कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर, अन् तिचा विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा. तसाच हात तुम्हीही ठेवून पाहा. तळव्याखाली हाड लागतं, ते कमरेचं. खुब्याचा सांधा तिथं नाही. तो खाली, जांघेत खोल. म्हणून खुबा झिजला की जांघेत दुखतं, कधी गुडघ्यातही.

कापूस वेचून, निंदण करून आलं की आपण म्हणतो, "कंबर गेली". मणका, कुल्ला, ओटीपोट सगळं त्या एका शब्दात. ओटीपोट म्हणायला लाज वाटते ना! पण दुखणं तिथं असेल, अंगावरून पांढरं जात असेल, तर त्याला कंबर म्हणू नका. गोळी मणक्याची मिळेल अन् गर्भाशयाचं दुखणं तसंच राहील.

बोट ठेवून दाखवा. बेंबीच्या वर की खाली, पुढून की मागून? उजवं-डावं सांगायचं ते आपलं स्वतःचं. डॉक्टर आपल्यासमोर असले, की आपला उजवा हात त्यांच्या डावीकडे येतो. एक्स-रेतही तसंच दिसतं.

"खांदा दुखतो" एवढ्यानंही भागत नाही. वेणी घालताना हात वर जात नाही, की पोलक्याचे हूक लावताना मागे जात नाही? गुडघा उकिडवं बसताना दुखतो, की उठताना?

बोलायचा संकोच वाटला तर आशाताईंना सोबत न्या. नाहीतर कागदावर बाहुली काढा, पुढून एक, मागून एक, अन् दुखतं तिथं फुली मारा.