वयाचा रकाना
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जमाखर्च मांडणे हा माझा पेशा. तथापि या वर्षी हिशेबाच्या टेबलावर आलेल्या दोन अर्जांनी मला अस्वस्थ केले. म्हणून स्वादुपिंडाचा कर्करोग आणि रुग्णाचे वय यांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्यालगत दडलेले असते. त्यामुळे तेथील गाठ हाताला लागत नाही आणि रोग बहुधा उशिरा उमगतो. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२५ च्या आकडेवारीनुसार, निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सरासरीने सुमारे १३ टक्के आहे. रोग स्वादुपिंडापुरता मर्यादित असताना सापडल्यास ते सुमारे ४४ टक्के, तर दूरच्या अवयवांत पसरल्यावर अवघे ३ टक्के असते.

आता वयाचा प्रश्न. तरुण रुग्ण सरासरीने अधिक काळ जगतात, हे खरे. परंतु या सरासरीच्या पोटात अनेक गोष्टी आहेत. तरुण शरीर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी अधिक सोसते. त्यांना उपचारही अधिक प्रमाणात दिले जातात. शिवाय न्यूरोएंडोक्राइन नावाच्या, तुलनेने सावकाश वाढणाऱ्या गाठींचे प्रमाण तरुणांत अधिक असल्याने त्यांची सरासरी वर जाते. याउलट, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फॉल्फिरिनॉक्स या औषधसमूहाच्या चाचणीत ७५ वर्षांवरील रुग्णांना घेतलेच नव्हते. ज्यांना चाचणीत स्थान नाही, त्यांच्याविषयी अनुमान काढताना सावध राहावयास हवे, एवढे हिशेबनीसालाही कळते.

दोन सर्वपरिचित उदाहरणे पाहा. अमेरिकेतील प्राध्यापक रँडी पॉश यांना २००६ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी हा रोग असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया होऊनही २००८ साली ते निवर्तले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांची गाठ २००९ साली, वयाच्या ७५ व्या वर्षी नेहमीच्या तपासणीत लवकर सापडली. शस्त्रक्रियेनंतर त्या अकरा वर्षांहून अधिक जगल्या आणि अखेरपर्यंत न्यायमूर्तिपदावर होत्या. दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही. परंतु केवळ जन्मतारीख पाहून निर्णय करू नये, इतके तरी त्यांतून शिकता येते.

आता ते दोन अर्ज. पहिला बहात्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षकांचा. कावीळ झाल्यामुळे त्यांची गाठ लवकर लक्षात आली होती. चिरंजीव मला म्हणाले, "साहेब, वय झालं बाबांचं. उगाच हाल कशाला?" मलाही ते पटले. निधी मर्यादित होता, तरुणांचे अर्ज प्रलंबित होते. मी कागद बाजूला ठेवला. आठ दिवसांनी आमचे शल्यविशारद स्वतः खाली आले आणि म्हणाले, "वय मी पाहतो. तुम्ही फक्त उत्पन्नाचा दाखला पाहा." शस्त्रक्रिया झाली आणि गुरुजी चालत घरी गेले. पुढचे काळच ठरवील. परंतु ते आठ दिवस माझ्या खात्यावर नावे पडले आहेत.

दुसरा अर्ज अडतीस वर्षांच्या रिक्षाचालकाचा. "या वयात कसला कर्करोग?" म्हणून तीन महिने त्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या घेतल्या. आमच्याकडे आले तेव्हा रोग यकृतात पोचला होता. एकाच्या वयाने उपचार अडवला, दुसऱ्याच्या वयाने संशय.

म्हणून आप्तजनांना विनंती अशी, की वेदनेविना झालेली कावीळ, अकारण घटणारे वजन, पोटातून पाठीकडे जाणारे दुखणे, पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावे. ही लक्षणे बहुधा अन्य कारणांनीही असतात. परंतु तो निवाडा घरी करू नये. तंबाखू आणि धूम्रपान तर सोडावेच.

विश्वस्तांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून अमलात आलेल्या योजनेत धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या आहेत. तेथे निकष उत्पन्नाचा आहे, वयाचा नाही. आपल्या रुग्णसाहाय्य निधीचा अग्रक्रमही वयावरून न ठरता रोगाचा टप्पा, रुग्णाची प्रकृती आणि त्याची स्वतःची इच्छा यांवरून वैद्यकीय समितीने ठरवावा. आणि कर्करोगाच्या अर्जावर दोन दिवसांत निर्णय व्हावा. उपचार नको, असे कोणी वृद्ध स्वतः म्हणाले, तर त्यांचा शब्द मानावा आणि वेदनाशमनाचा खर्च याच निधीतून व्हावा.

देणगीदारहो, आपण दिलेल्या रुपयाला वय नसते. तो कोणाच्या वयापाशी अडू नये, एवढीच प्रार्थना.