विझवलेला दिवा



मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. मोटारीच्या दुरुस्तीवर मी बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल, आणि ते साहजिकच आहे. परंतु मागे एका मोटारीच्या सीटखाली मला माझ्याच वर्गातला धडा सापडला, तो आज सांगतो.

आमचे एक स्नेही तालुक्याच्या गावी हायस्कुलात शास्त्र शिकवतात. त्यांनी एक जुनी मोटार घेतली. भर पावसाळ्यात एके दिवशी समोरच्या फळीवर एक तांबडा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. पट्टा बांधलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात एक गोळा, असे त्यावर चित्र. पट्टा बांधायची आठवण देणारा दिवा वेगळा. हा अपघातात जीव वाचवणाऱ्या सगळ्या यंत्रणेचा. गुरुजी जवळच्या एका मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, "एवढा दिवा घालवा बुवा." अर्ध्या तासात दिवा गेला. पुढे आठ महिने गुरुजी बायकामुलांना घेऊन त्या गाडीतून हिंडले.

आता पट्ट्याविषयी थोडे. तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा व्होल्वो कंपनीतल्या नील्स बोलिन या स्वीडिश इंजिनियराने १९५९ साली आणला. पण आपण पट्टा बांधतो सैलसर, आणि टक्कर झाली की तेवढ्या ढिलाईत छाती पुढे जाते. म्हणून प्रीटेन्शनर नावाची जोड निघाली. १९८१ मध्ये ती मर्सिडीज-बेंझच्या गाडीत आली. हिच्यात चिमूटभर दारू असते (पिण्याची नव्हे, उडवण्याची) आणि ती पेटवायला एक बारीक तार. टक्कर होताच गाडीतली नियंत्रक पेटी या तारेत वीज सोडते, दारू जळून वायू होतो आणि त्याच्या जोराने पट्टा मागे ओढला जातो. पापणी लवायच्या आत माणूस सीटला जखडतो. ही जोड एकदाच चालते. उडाली की नवीच घालावी लागते.

मग ऐनवेळी ती चालेल हे कशावरून? तर ती पेटी, दारू पेटणार नाही इतकी क्षीण वीज तारेतून पाठवून सारखी विचारत असते, "आहेस ना?" तारेचा रोध सुमारे २ ओहम. तेवढा भरला तर ठीक. एखाद-दुसऱ्या ओहमाचा फरक पडला, की दिवा लागतो. आणि फरक पडायला काय लागते? तारा जातात सीटखालून, तिथे बहुधा पिवळ्या रंगाचा कनेक्टर असतो. छत्रीचे पाणी, चपलांचा चिखल, सीट पुढेमागे सरकवल्याने बसणारा ताण, सगळे त्याच्याच वाट्याला.

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे आपल्या न्यायशास्त्राचे जुने उदाहरण. पण तो चुलीचा की वणव्याचा, हे धूर सांगत नाही. दिव्याचे तसेच. स्कॅनर लावला तर तो सांगेल, 'ड्रायव्हरच्या पट्ट्याच्या मंडलात रोध जास्त.' हे वाचून पुष्कळ ठिकाणी लागलीच सांगतात, प्रीटेन्शनर बदला. अहो, स्कॅनरने मंडलाचे नाव घेतले, वस्तूचे नव्हे! त्या मंडलात पेटी आहे, तारा आहेत, कनेक्टर आहे आणि शेवटी प्रीटेन्शनर.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. वायरिंगच्या कामात हाताला टेस्ट लॅम्पची सवय असते. तो इथे लावू नका. १२ व्होल्टवर २१ वॅटचा दिवा पावणेदोन अँपियर वीज घेतो, आणि सव्वा अँपियरच्या आसपास वीज निमिषभर मिळाली तरी हे यंत्र उडू शकते. प्रीटेन्शनरला साधा मीटरसुद्धा लावायचा नाही.

रीत अशी. किल्ली बंद करावी, बॅटरीची निगेटिव्ह काढावी, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितली असतील तेवढी मिनिटे थांबावे. टकरीत बॅटरी तुटली तरी काम व्हावे म्हणून पेटी थोडी वीज साठवून ठेवते. ती उतरू द्यावी. मग प्रीटेन्शनर सोडवून त्याच्या जागी २ ओहमचा रोध जोडावा, गाडीत कोणी नाही असे पाहून बॅटरी लावावी आणि स्कॅनर वाचावा. तक्रार गेली, तर दोष प्रीटेन्शनरचा किंवा त्याच्या तोंडाशी असलेल्या जोडाचा. तक्रार राहिली, तर तो अलीकडे आहे. तारा मीटरने मोजायच्या त्या दोन्ही टोके सोडवूनच. आम्ही वर्गात याला व्यतिरेक म्हणतो. काम झाल्यावर तो रोध अर्थातच काढून घ्यायचा.

गुरुजींच्या गाडीत तो काढलेला नव्हता. आठ महिन्यांनी सीटची कव्हरे बदलताना काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली एक गाठ निघाली. आत हाच रोध. पेटी विचारत होती, "आहेस ना?" आणि हा सांगत होता, "आहे." वर्गात गैरहजर मित्राच्या नावाला 'हजर' म्हणणारी मुले आपण शिक्षकांनी पाहिली आहेत, तसेच हे. पट्ट्याचे यंत्र आठ महिने तुटलेलेच होते. मिस्त्रीला मी दुष्ट म्हणणार नाही. गुरुजींनी दिवा घालवायला सांगितले, त्याने दिवा घालवला.

मग जिल्ह्याच्या गावच्या मेकॅनिकने वर सांगितल्याप्रमाणे तपास केला. मी शेजारी उभा होतो. प्रीटेन्शनर शाबूत निघाला. सीटखालच्या कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट गंज चढला होता, एवढेच. नवा कनेक्टर बसला आणि दिवा खरोखरीचा विझला.

जुनी गाडी घेणार असाल तर किल्ली फिरवून पाहा. हा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागला नाही, तर तो कोणी काढला किंवा झाकला आहे काय, ते विचारा. लागून विझला तरी जाणत्या माणसाला एकदा सीटखाली डोकावायला सांगा.

तो छोटा रोध गुरुजींनी फेकला नाही. ओहमचा नियम शिकवण्याच्या दिवशी तो खिशात घालून ते वर्गावर जातात.