शाल-नारळ झाला, पुढं काय?

कामं आवरत असाल तर आवरता आवरता ऐका. आज आम्ही कुठल्या योजनेबद्दल किंवा कर्जाबद्दल सांगणार नाही. ज्या बायका आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर बसतात, अध्यक्ष, सचिव, खजिनदार होतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहोत. आणि आमच्या एका चुकीबद्दलही.

दहा ते वीस जणींचा एक बचत गट, गावातले गट मिळून ग्रामसंघ आणि आसपासच्या गावांची मिळून वरची संस्था. कुठं तिला प्रभागसंघ म्हणतात, कुठं महासंघ, कुठं लोकसंचलित साधन केंद्र. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. तेव्हा बँकेची पायरी चढताना आपल्या बायकांच्या पोटात गोळा यायचा. आज त्याच बायका संस्थेचे लाखांचे व्यवहार सांभाळतात. आम्ही समन्वयक आणि लेखापाल, आम्हाला थोडं का होईना मानधन मिळतं. कार्यकारिणीवरच्या ताईंना काय मिळतं? आठ मार्चला शाल आणि नारळ. फोटो निघतो, शाल कपाटात जाते आणि नारळाची चटणी होते.

आमच्या खजिनदार ताई चार वर्षं त्या पदावर होत्या. त्या शेतमजुरी करतात. बैठकीचा दिवस म्हणजे त्यांचा खाडा, त्या दिवसाची मजुरी गेली. वस्तीपासून फाट्यापर्यंत पायी आणि तिथून वडाप. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं हे खरं, पण त्यांच्या फाट्यावर एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा थांबते. वडापवाला काही अर्धं भाडं घेत नाही. बैठक आम्ही दहाला ठेवायचो, कारण ती वेळ आमच्या सोयीची. त्या साडेदहाला धापा टाकत पोचायच्या आणि आम्ही घड्याळाकडं बघायचो. प्रवासखर्च द्यायचा ठराव होता, नाही असं नाही. पण आम्ही पावती मागायचो. वडापवाल्यानं कधी कुणाला पावती दिलीय का? आणि बैठकीचा चहासुद्धा याच ताई करायच्या, आम्ही कागद चाळत बसायचो.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या मुलीच्या हातून पेटीची किल्ली आली. चिठ्ठी नाही, राजीनामा नाही. रुमालात बांधलेली किल्ली, बस्स.

खरं सांगायचं तर आम्हाला आधी रागच आला. ऑडिट तोंडावर आलं होतं. "एवढा मान दिला तरी मध्येच सोडून जातात," असं आम्ही आपापसात बोललोसुद्धा. मग आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो. ताईंनी चहा ठेवला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग त्या बोलल्या.

त्यांच्याच वस्तीवरच्या एका गटाचे हप्ते थकले होते. बैठकीत ठरलं की ताई तिथल्याच आहेत, तर त्यांनीच जाऊन बोलावं. त्या गेल्या. त्या गटात त्यांची चुलत जाऊ होती. "आली मोठी मालकीण," असं तिनं चारचौघींत ऐकवलं. त्या वर्षी गौरीच्या हळदीकुंकवाला ताईंना वस्तीवर कुणी बोलावलं नाही. ठराव अकरा जणींनी केला होता, खाली सह्या सगळ्यांच्या होत्या, पण दारात उभ्या राहिल्या त्या एकट्या. आम्ही वसुलीच्या रकान्यात 'भेट दिली' एवढं लिहून मोकळ्या झालो होतो.

दुसरी गोष्ट चेकची. हे सांगताना आम्हाला अजून कसंतरी होतं. ताईंना सारखं यायला लागू नये म्हणून आम्ही एकदम पाच-पाच कोऱ्या चेकवर त्यांच्या सह्या घेऊन ठेवायचो. आम्हाला वाटायचं, आपण त्यांची सोयच करतोय. एकदा घरी त्यांच्या मालकांनी विचारलं, "आज कशावर सही करून आलीस?" ताईंना सांगता आलं नाही. "उद्या काही झालं तर घरावर येईल," असं ते म्हणाले आणि घरात दोन दिवस अबोला. ताई आम्हाला म्हणाल्या, "पैशाची भीती नव्हती हो. मी काय केलं, तेच मला सांगता आलं नाही. त्याची लाज वाटली."

एक रुपयाही इकडचा तिकडं झाला नव्हता. पण झाला असता तर पहिलं नाव कुणाचं आलं असतं?

सही केलेले तीन कोरे चेक शिल्लक होते. ते पुढच्या बुधवारी ताईंच्या समोर आडव्या रेघा मारून रद्द केले. आता रक्कम, नाव आणि मागचं बिल असल्याशिवाय आमच्याकडं कुणी चेकवर सही करत नाही. फारच निकड असेल तर लेखापाल बाजाराच्या दिवशी ताईंना गाठतात, ताईंना हेलपाटा नाही. प्रत्येक बैठकीत पासबुक मोठ्यानं वाचलं जातं आणि ते लेखापालांनी नाही, कार्यकारिणीतल्याच कुणीतरी वाचायचं. अडखळत वाचलं तरी चालतं. विषयपत्रिका दोन दिवस आधी फोनवर आवाजात पाठवतो, कारण काही जणींना अक्षर जुळवायला वेळ लागतो, पण ऐकलेलं पक्कं लक्षात राहतं. वसुलीला त्याच वस्तीची बाई कधीच पाठवायची नाही. दुसऱ्या गावच्या दोघी आणि आमच्यातली एक, असं जायचं.

बैठक साडेअकराला. गावाच्या अंतराप्रमाणं भाडं ठरवून टाकलंय, ते चहाच्या वेळी हातात मिळतं आणि रजिस्टरला सही होते, पावती नाही. चहा आम्ही करतो. बुडालेल्या मजुरीचं मात्र अजून सुटलेलं नाही. खुद्द कार्यकारिणीतल्याच काही जणी म्हणाल्या, पैसे घेतले तर सेवा कसली? आमचं मत वेगळं आहे. ज्या बाईचं हातावर पोट आहे तिला सेवा महाग पडते, आणि मग पदावर फक्त खात्यापित्या घरच्या बायका उरतात. पुढच्या वार्षिक सभेत पुन्हा हा विषय काढणार आहोत.

एक कागदाची गोष्टही सांगायलाच हवी. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर कार्यकारिणीतला बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. बँकेतली सहीही बदलावी लागते. हे राहिलं तर पद सोडलेल्या बाईचं नाव कागदावर तसंच राहतं आणि काही विचारणा झाली की चिठ्ठी तिच्या दारात येते. आम्ही ताईंचं नाव काढायला शेवटच्या आठवड्यात धावपळ केली. ते पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं.

ताई पदावर परत आल्या नाहीत. आम्हीही फार गळ घातली नाही. नव्या खजिनदार दहावी झालेल्या आहेत, फोन झरझर चालवतात, पण कीर्द आणि पासबुक जुळवताना गोंधळतात. ते शिकवायला ताई बाजाराच्या दिवशी येऊन बसतात. त्या दिवसाचं भाडं त्यांनाही देतो. पहिल्यांदा नको म्हणाल्या, आता घेतात.

तुमच्या गटातली कुणी कार्यकारिणीवर असेल, तर पुढच्या वेळी तिला विचारा की भाडं मिळालं का, सही कशावर केलीस. आणि बैठकीच्या दिवशी तिच्या पोरांना दुपारी तुमच्याकडं जेवायला बोलवा.

आमची बैठक येत्या बुधवारी आहे. नव्या खजिनदार पासबुक वाचणार आहेत, ताई शेजारी बसते म्हणाल्यात. येतो आता. नमस्कार.