गळ्यातील वस्त्रांचे वय

जुनी नाणी किंवा पोथ्या जमविणाऱ्याकडे लोक कौतुकाने पाहतात; परंतु जुने उपरणे, मफलर किंवा नेकटाय जपून ठेवणाऱ्याची बहुधा थट्टाच होते. वास्तविक नाण्यावर पुष्कळदा सन उमटविलेला असतो, पोथीच्या अखेरीस शक नोंदलेला असतो. वस्त्रावर मात्र बहुधा काहीच लिहिलेले नसते. त्याचे वय त्याच्या अंगावरूनच ओळखावे लागते, आणि म्हणूनच हा छंद दिसतो तितका पोरकट नाही.

या छंदाला बडोद्यासारखे सोयीचे शहर क्वचितच सापडेल. गायकवाडांच्या राज्यामुळे येथे आलेली मराठी कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. सयाजीराव महाराजांनी १८८१ साली राज्याची पूर्ण सूत्रे हाती घेतल्यानंतर शाळा आणि कचेऱ्या वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर पोशाखही पालटत गेला. आजोबांच्या खांद्यावर जरीकाठी उपरणे, वडिलांच्या बंद गळ्याच्या कोटावर लोकरीचा मफलर, आणि मुलाच्या गळ्यात टाय, अशा तीन पिढ्या एकाच ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या सापडतात. ट्रंक उघडली की घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, ‘हे आजोबांच्या मुंजीतले.’ हे सांगणे प्रेमाचे असते. ते खरे असेलच असे नाही.

वयाचा निर्णय करताना एकच नियम ध्यानात ठेवावा. वस्त्र आपले जन्मसाल सांगत नाही. आपण अमुक काळाच्या आधीचे नाही, एवढेच ते निश्चितपणे सांगते. जी वस्तू निर्माणच झाली नव्हती, ती जुन्या कापडात येणार कोठून?

पहिली साक्ष रंगाची. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन या तरुणाने पहिला प्रसिद्ध कृत्रिम रंग तयार केला, तो जांभळा. पुढे मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेत साधला, आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. बडोद्यात १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले, तेथे रंगकाम हा शिक्षणाचा विषय होता. तथापि नुसत्या नजरेने रंगाचा निवाडा करू नये. लाखेचा लाल आणि कारखान्यातील लाल डोळ्यांना सारखेच दिसू शकतात. आणि कृत्रिम नीळ तर द्रव्याने नैसर्गिक निळीसारखीच असते.

दुसरी साक्ष जरीची. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. खोट्या जरीत तांब्याची तार असते. परंतु चकचकीत प्लास्टिकची जर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारभर पसरली. आजोबांच्या मुंजीतल्या म्हणून दाखविलेल्या उपरण्याच्या मूळ काठात ती आढळली, तर मुंज खरी असली तरी उपरणे नंतरचे, हे मान्य करावे लागते.

टायच्या बाबतीत शिवण अधिक बोलकी असते. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ याने १९२४ च्या सुमारास कापड तिरपे कापून तीन तुकड्यांत टाय शिवण्याची पद्धत रूढ केली; गाठ सोडल्यावर असा टाय पुन्हा सरळ होतो. रुंदीवरूनही अंदाज बांधता येतो. १९४० नंतरच्या दशकात टाय रुंद होते, १९६० च्या आसपास ते दोन इंचांपर्यंत अरुंद झाले, आणि १९७० नंतर पुन्हा चार इंचांवर गेले. कापड टेरिलीनचे असेल तर टाय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा नव्हे. शंका असल्यास शिवणीच्या आतला एक सुटा धागा जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, कृत्रिम रेशीम कागदासारखे जळते, आणि टेरिलीन वितळून त्याचा कडक मणी होतो.

ही झाली एका बाजूची मर्यादा. दुसरी बाजू छायाचित्राने मिळते. मागे तारीख लिहिलेल्या छायाचित्रात तोच काठ, तीच नक्षी स्पष्ट दिसत असेल, तर वस्त्र त्या दिवशी अस्तित्वात होते हे ठरले. अशा रीतीने वय दोन सालांच्या मध्ये कोंडता येते. प्रामाणिक संग्राहक आपल्या नोंदवहीत एक साल न लिहिता दोन साले लिहितो, आणि घरातील आठवण त्यांच्याखाली ‘असे सांगतात’ म्हणून वेगळी नोंदवितो.

आजवर यांतील किती वस्त्रे नाहीशी झाली, याला गणती नाही. जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घेणे ही घरोघरची रीत होती, आणि खऱ्या जरीची वस्त्रे चांदीसाठी जाळली गेली. चांदी मिळाली, पण त्या काठाची वीण, तो रंग आणि तो खांदा यांची साक्ष राखेबरोबर गेली. वाडा पाडून सदनिकेत जाताना ट्रंकेला जागा उरत नाही, ही अडचणही खोटी नव्हे.

जपणुकीला मोठा खर्च लागत नाही. वस्त्र धुऊ नये. जरीला अत्तर लावू नये. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावे, आणि घडीची जागा अधूनमधून बदलावी. सुती फितीवर पेन्सिलीने नाव, नाते आणि नोंदीचा क्रमांक लिहून ती सोबत ठेवावी. हे काम वडीलधारी मंडळी सांगावयास आहेत तोवरच व्हावयास हवे. कापडाचे वय तज्ज्ञाला पुढेही शोधता येईल; परंतु ते कोणाच्या खांद्यावर होते, हे सांगणारे माणूस गेल्यावर कोणतीही प्रयोगशाळा ते सांगू शकणार नाही.