जनुकांचा समतोल आणि आपले सोयरसंबंध



भोपाळच्या शाहपुऱ्यात निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी नांदतात; सोयरीक मात्र पुष्कळदा आपापल्या जातीतच जुळते. शेजार आणि सोयरीक यांतील हे अंतर आनुवंशिकीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

१९०८ साली केंब्रिजचे गणिती हार्डी व स्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे एक नियम मांडला. समाज मोठा असावा, विवाह त्या गुणाकडे न पाहता व्हावेत, बाहेरून ये-जा नसावी, जनुकात उत्परिवर्तन होऊ नये आणि निसर्गाने कोणाला झुकते माप देऊ नये. मग जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या ढळत नाही. अप्रकट गुण केवळ दिसत नाही म्हणून नाहीसा होत नाही.

मध्य प्रदेश, छत्तीसगड व विदर्भ येथील सिकलसेल हा रोग याचे जवळचे उदाहरण होय. आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आले, तर तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. एकाकडूनच आले, तर मनुष्य केवळ वाहक असतो. तो सहसा निरोगी असतो आणि तीव्र हिवतापापासून त्याला काहीसे संरक्षणही मिळते. म्हणूनच घातक असूनही हे जनुक टिकून राहिले.

समजा, समाजात या जनुकाचे प्रमाण दहा टक्के आहे. नियमानुसार रुग्ण शेकडा १, तर वाहक शेकडा १८ भरतील. पण तोच समाज दोन सारख्या गटांत विभागलेला असून एकात हे प्रमाण २० टक्के व दुसऱ्यात शून्य असेल, आणि विवाह गटातच होत असतील, तर? पहिल्या गटात रुग्ण शेकडा ४, म्हणजे एकूण समाजात शेकडा २. सरासरी तीच, रुग्ण मात्र दुप्पट! जातीबंद विवाहांच्या समाजात शहराची सरासरी अशी फसवी ठरते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. त्यासाठी २०४७ ही मुदत ठरली आहे. त्यात रक्ततपासणीला मोठे स्थान आहे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. जोडीदारांपैकी एकच वाहक असून दुसरा अशा दोषापासून मुक्त असल्यास अपत्याला हा रोग होत नाही. तेव्हा वाहक मुलीला किंवा मुलाला नाकारणे अज्ञानाचेच लक्षण ठरेल. पत्रिकेइतक्याच आस्थेने दोन्ही घरांनी रक्ताचा अहवाल पाहावा, आणि तो कलंक मानू नये, एवढेच या गणिताचे सांगणे आहे.